गर्दी कमी करा

“बाबा, गेम झटके देतोय! सीपीयू शंभरला चिकटलाय!” चिरंजीवांनी हे गॅलरीत उभं राहून सांगितलं असावं. कारण चहाला आधण येईपर्यंत सोसायटीतले तज्ज्ञ आमच्या हॉलमध्ये स्थानापन्न झाले होते.

तळमजल्यावरच्या काकांनी लॅपटॉपकडे न बघताच सांगितलं, “फॉरमॅट मारा.” दुकानदार फोनवर म्हणाला, “रॅम वाढवा, साहेब.” मेहुण्यानं थेट नव्या मशीनची किंमतच पाठवली. आई तेवढी म्हणाली, “अरे, केवढं तापलंय ते! आधी गादीवरून उचला.” त्या बैठकीतलं हे एकमेव शास्त्रीय विधान. बहुतेक लॅपटॉप खालून हवा ओढतात. गादीनं ती वाट बुजली की प्रोसेसर तापतो आणि जीव वाचवायला आपला वेग आपणच कमी करतो.

लॅपटॉप टेबलावर आला. झटके कमी झाले, थांबले नाहीत. मग कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. अँटिव्हायरसची झडती चालू होती, विंडोजचं अपडेट उतरत होतं आणि ब्राउझरमध्ये ‘अभ्यासासाठी’ उघडलेल्या टॅबची रांग होती. त्यात अभ्यास कुठे आहे, हे मी शोधत बसलो नाही. सगळं बंद केलं, गेमसुद्धा. तेवढ्यात काका ओरडले, “हा बघा चोर! सिस्टीम आयडल प्रोसेस, ९० टक्के! मारा त्याला!” हा आकडा प्रोसेसरच्या रिकामपणाचा असतो, जितका मोठा तितकं बरं. काका सेवानिवृत्त असल्यानं मी हा मुद्दा फार ताणला नाही.

टक्क्यांवर तसाही फार विश्वास ठेवू नये. आठ कोअरपैकी एकच राबत असेल, तर एकूण वापर १२.५ टक्के दिसतो. रस्त्याच्या कामावर एक जण खणतो आणि सात जण बघतात, तसं. फ्रेमचीही तीच गत. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एकीच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद. एखादीनं शंभर घेतले की डोळ्यांना झटका बसतो. सरासरी मात्र पास.

शिवाय कधी कधी मशीन निर्दोष असतं. ‘जीटीए ऑनलाइन’ सुरू व्हायला मिनिटंच्या मिनिटं लागायची. २०२१मध्ये एका प्रोग्रामरनं कारण शोधलं: सुमारे १० एमबीची यादी वाचताना गेम प्रत्येक नोंदीला उरलेल्या मजकुराची लांबी नव्यानं मोजत होता, तीही एकाच कोअरवर. त्याच्या दुरुस्तीनं हा वेळ जवळपास ७० टक्के घटला. कंपनीनं त्याला १०,००० डॉलर दिले. जगभर तोवर किती जणांनी फॉरमॅट मारला असेल, देव जाणे.

तेव्हा मंडळी, आधी फ्रेमची मर्यादा ६०वर आणा; नाहीतर प्रोसेसर जमतील तेवढ्या फ्रेम तयार करत सुटतो. रिझोल्यूशन कमी करून त्याला फारसा आराम मिळत नाही, तो भार ग्राफिक्स कार्डाचा. गेममधली गर्दी मात्र कमी करा: रस्त्यावरचा प्रत्येक पादचारी प्रोसेसरच चालवत असतो. आणि हॉलमधलीही.