शिकवणी कोणाची, कोणाला?

विकसनशील देशांतल्या पत्रकारांना ऑनलाइन आणि मल्टिमीडिया वार्तांकन शिकवायला तज्ज्ञ विमानाने येतात. तारांकित हॉटेल, गळ्यात बिल्ला, हातात फुकटची पिशवी. पहिला धडा: ‘मोबाइलवरूनही बातमी देता येते!’ सगळे माना डोलावतात. त्यात कोणी नैरोबीचा असलाच तर तो हसू दाबतो.

२००८ साली केनियात निवडणुकीनंतरचा हिंसाचार पेटला होता. तेव्हा तिथल्याच मंडळींनी ‘उशाहिदी’ हे संकेतस्थळ उभारलं. लोकांनी एसएमएस किंवा ईमेल धाडायचा, घटना नकाशावर उमटायची. हैतीत २०१० च्या भूकंपातही तेच कामी आलं. म्हणजे मासोळीला पोहायला शिकवायचं आणि वर मानधनही घ्यायचं!

दुसरा धडा थेट प्रक्षेपणाचा. इथे मात्र शिष्यांना खरोखर शंका असते. जानेवारी २०२१ मध्ये युगांडात ऐन निवडणुकीत सरकारने इंटरनेटच बंद केलं. काश्मिरात ऑगस्ट २०१९ पासून कित्येक महिने तीच गत. अशा वेळी थेट काय दाखवायचं? तज्ज्ञ घड्याळाकडे बघतात आणि जेवणाची सुट्टी जाहीर करतात.

शेवटी डिजिटल युगाचं प्रमाणपत्र मिळतं. जाड कागदावर, छापील.