अठरा छर्ऱ्यांचा तपासणी अहवाल

श्वाइनफुर्ट, जर्मनी
रविवार

तीर्थरूप बाबांचे चरणी,
शि. सा. न. वि. वि.

चाकाच्या मध्यभागी जे पोकळ नळकांडे असते आणि ज्यातून आरे निघतात त्यास हब म्हणतात. त्याच्या दोन्ही टोकांना आतून पोलादी वाट्या बसवलेल्या असतात, मधून जाणाऱ्या आसाच्या आट्यांवर दोन कोन फिरवलेले असतात, आणि वाटी व कोन यांच्यामध्ये ग्रीसमध्ये बुडालेले छर्रे धावतात, या सर्वांस मिळून बेअरिंग ही संज्ञा आहे. ज्यांची उभी हयात चिंचवडच्या कारखान्यात बेअरिंग तपासण्यात गेली त्या तीर्थरूपांना हे सांगणे म्हणजे सुगरणीला मिठाची बरणी दाखवणे होय. तथापि ‘चाक डुगडुगत होते, आता ठीक आहे’ हा फोनवरील निष्कर्ष त्यांनी अमान्य करून कारणांसह लेखी अहवाल मागवला, आणि तपासणी अहवालात प्रथमपुरुषास जागा नसते हा त्यांचाच दंडक असल्याने प्रस्तुत पत्र तृतीयपुरुषात लिहिले आहे.

गावाचा इतिहास येथे टाळता येत नाही. याच श्वाइनफुर्टात फ्रीडरिख फिशर यांनी 1883 मध्ये पोलादी गोळ्या एकसारख्या मापात घासून काढणारे यंत्र तयार केले, आणि त्यांचे वडील फिलिप मोरित्झ यांची ओळख पायडलची दुचाकी बनवणारे कारागीर अशी आहे. बापाने सायकल आणावी आणि मुलाने तिचे छर्रे पाहावेत असा हा स्थानिक पायंडा असून, तीर्थरूपांनी मागील मुक्कामात येथील जुन्या बाजारातून, जर्मन भाषेचा एकही शब्द न वापरता घासाघीस करून, जी 26 इंची माउंटन बाइक मिळवली तिच्याबाबतीत तो पाळण्याचा यथाशक्ती प्रयत्न झाला.

बिघाडाचे कारण चि. नातू हे होय. सायकल स्वच्छ राहावी या आजोबांच्या शिकवणुकीस अनुसरून त्याने ती वर्षभर जोरदार फवाऱ्याच्या यंत्राने धुतली, तो फवारा रबरी झाकणाच्या आडून हबमध्ये शिरला, ग्रीस वाहून गेले आणि पोलादाशी पाण्याची गाठ पडली. उघडल्यावर असे आढळले की वाट्या शाबूत असून दोन्ही कोनांवर देवीच्या व्रणांसारखे खळगे पडले होते; कोनाचा घेर वाटीपेक्षा लहान असल्याने त्याची झीज बहुधा आधी होते, आणि वाटी हबमध्ये ठोकून बसवलेली असली तरी कोन आट्यांवरून सुटा होऊन बदलता येतो, ही रचना करणाऱ्याची दूरदृष्टी मानावी लागते.

ज्या कामास चिंचवडचे सायकलवाले ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात त्यास येथील रविवारी एक अडचण येते, ती अशी की त्या दिवशी दुकाने बंद असतात आणि ठोकाठोक निषिद्ध मानली जाते. परंतु या कामात हातोडा लागत नाही, कोनासाठी 15 आणि बाहेरच्या नटासाठी 17 मिलिमीटरचा असे दोन पाने पुरतात, त्यांतील कोनाचा पाना पापडासारखा पातळ असावा लागतो. मागच्या चाकात प्रत्येक बाजूस पाव इंची नऊ, म्हणजे एकूण अठरा छर्रे असतात, आणि नव्या-जुन्यांच्या मापात सूक्ष्म फरक असल्यास सारा भार मोठ्यांवरच पडतो (एकत्र कुटुंबातही हेच घडते), म्हणून ते सर्व बदलणे इष्ट. जर्मन ताटल्या सपाट असल्याने छर्रे सांडू नयेत यासाठी सूनबाईंची परात वापरण्यात आली. त्या कृत्यावरील सूनबाईंचा अभिप्राय या अहवालाच्या कक्षेबाहेरचा आहे. तरीही एक छर्रा निसटलाच, आणि 6.35 मिलिमीटरची ती वस्तू लाकडी जमिनीवर किती वेळ गडगडते याची नोंद खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांनी छताला काठी लावून घेतली.

खरे कौशल्य जुळवणीत आहे. कोन फार आवळल्यास छर्रे रडत फिरतात आणि सैल सोडल्यास चाक हलते. शिवाय पोकळ आसातून जाणारा झटपट खटका बंद करताच आस किंचित आखडतो, त्यामुळे सुट्या चाकात हाताला जेमतेम जाणवेल इतका ढिलेपणा मुद्दाम ठेवावा लागतो, जो खटका दाबल्यावर आपोआप नाहीसा होतो. सूनबाईंच्या मते हा नियम हबपुरता मर्यादित नाही. मागील मुक्कामात तीर्थरूपांनी घरातील नळ, कपाटांच्या मुठी आणि नातवाचे वेळापत्रक पहिल्याच आठवड्यात घट्ट केले होते, आणि येत्या मुक्कामाचा व्हिसा नव्वद दिवसांचा असल्याने या खेपेस थोडा ढिलेपणा सुरुवातीस राखल्यास मुक्काम आपोआप नीट बसेल, असे सूनबाईंचे नम्र निवेदन आहे.

सद्यःस्थितीत चाक हवेत फिरवल्यास आवाज न करता बराच वेळ फिरते आणि रिम धरून आडवे हलवल्यास हलत नाही. पत्रलेखकाच्या दृष्टीने काम पूर्ण झाले आहे. सूनबाईंनी मात्र अहवालाच्या तळाशी ‘तपासले’ या शब्दापुढे तीर्थरूपांची सही होईपर्यंत नातवाला त्या सायकलवर बसू देण्यास नकार दिला असून, ती जागा मोकळी सोडली आहे. येताना मेतकूट आणावे, आणि एक परात.

आईस साष्टांग नमस्कार. कळावे, लोभ असावा.

आज्ञाधारक,
पत्रलेखक

तपासले : ____________