घोषणेचं तिकीट

(११ मे २०२५. भारत-पाकिस्तान लढाई नुकतीच थांबलेली. जळगावहून सुटलेली धुळे एसटी बांभोरीच्या पुलावर. एका बाकावर केळीवाला शेतकरी आणि धुळ्याचे निवृत्त गुरुजी.)

शेतकरी : गुरुजी, कराची आपल्याकडं राहिली का परत केली?

गुरुजी : घेतली कधी?

शेतकरी : गुरुवारी रात्री! टीव्हीवाल्यानं बंदर पेटवलं, इस्लामाबाद पाडलं. म्हटलं, केळीचा कंटेनर आता न्हावाशेवाऐवजी तिकडूनच आखातात धाडू. सकाळी पाहतो तर बंदर जागेवर अन् केळीचा भावही जागेवर!

गुरुजी : लष्कराच्या कर्नल कुरेशी काय म्हणाल्या, ते ऐकायचं.

शेतकरी : त्या हल्ल्याची नऊ ठिकाणं बोलल्या अन् थांबल्या. दहावं चॅनलवाल्यानं स्वतःच्या खर्चानं पाडलं.

गुरुजी : हवाई हल्ल्याच्या मॉक ड्रिलच्या यादीत आपलं भुसावळही होतं. पण भोंगा वाजवला चॅनलांनी, तोही दर बातमीला. शेवटी सरकारनंच सांगितलं, भोंगा बंद करा.

शेतकरी : अन् लढाई थांबल्याचं?

गुरुजी : ते आधी ट्रम्पनं सांगितलं, मग आपल्या परराष्ट्र सचिवांनी.

शेतकरी : घ्या! वाटणी आमच्या घरची, अन् पेढे शेजाऱ्यानं वाटले. मी म्हणतो, सरकारी कामं या चॅनलवाल्यांनाच द्या. रात्रीत कराची घेणारा गडी मनमाड-इंदूर रेल्वे जेवणाआधी धुळ्यात आणेल!

गुरुजी : सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालीय, भाऊ. ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी. २०२८-२९ पर्यंत पूर्ण होणार.

शेतकरी : लाडक्या बहिणीच्या १५०० चे २१००?

गुरुजी : निवडणुकीत सांगितलं होतं.

शेतकरी : कर्जमाफी?

गुरुजी : तीही निवडणुकीतच. मार्चमध्ये मात्र सांगितलं, ३१ तारखेच्या आत पीककर्ज भरा.

शेतकरी : म्हणजे शत्रूचं बंदर उडालं नाही, अन् माझं कर्जही उडालं नाही!

कंडक्टर : (मशीन पुढं करत) तिकीट बोला, दादा.

शेतकरी : भो, तुझा विश्वास कोणावर? टीव्हीवर का मंत्र्यावर?

कंडक्टर : या मशीनवर. बायांना अर्धं तिकीट म्हणाले, अन् मार्च २०२३ पासून ते यातून निघतंय. ती घोषणा खरी. बाकीच्या अजून विनातिकीट फिरताहेत.