तहानेचा खून, सोड्याचं सोंग

पाणी हा विकायला मोठा अवघड माल आहे. रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि वर नळाला येतं. (एक दिवसाआड येतं, हा भाग वेगळा.) माइक सेसारिओ नावाच्या अमेरिकन जाहिरातवाल्याने यावर रामबाण इलाज काढला. पाणी विकायचं, पण पाण्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

त्याच्या ब्रँडचं नाव ‘लिक्विड डेथ’. बिअरचा असतो तसा उंच डबा, त्यावर वितळत चाललेली कवटी आणि सोबत फर्मान: ‘मर्डर युवर थर्स्ट’. तहान नुसती भागवून चालणार नाही, तिचा मुडदाच पाडायचा. एवढ्या तयारीनिशी डबा उघडावा तर आत पाणी. एक साधं, एक बुडबुड्यांचं आणि एक बुडबुड्यांत फळाची चव मिसळलेलं. आंब्याच्या चवीचा डबा ‘मँगो चेनसॉ’. लिंबाचा ‘सेव्हर्ड लाइम’, म्हणजे मुंडकं उडवलेलं लिंबू. फळांच्या दुकानात शिरलोय की पोलीस ठाण्यातली गुन्ह्यांची नोंदवही चाळतोय, कळू नये.

ही कल्पना सुचली एका संगीताच्या दौऱ्यात. ‘वार्प्ड टूर’मधले वादक प्रायोजक कंपनीच्या एनर्जी ड्रिंकचे डबे मंचावर तोंडाला लावत होते, आणि आत भरलेलं होतं पाणी. भर उन्हात ड्रम बडवणाऱ्याला पाणीच लागतं. पण अंगभर गोंदवलेल्या माणसाने डोंगराचं चित्र असलेली प्लास्टिकची बाटली तोंडाला लावली तर चारचौघांत इज्जत काय राहील? सेसारिओने हे हेरलं. लोकांना पाणी हवंय, फक्त पाणी पिताना कुणी बघायला नकोय.

मग त्याने झराही शोधला नाही की कारखानाही काढला नाही. सुमारे दीड हजार डॉलर खर्चून आधी जाहिरात काढली. जाहिरातीतला डबा संगणकावर चितारलेला. खरा डबा पृथ्वीतलावर अस्तित्वात नव्हता. लाखो लोकांनी ती पाहिली, माल कुठे मिळेल अशी विचारणा सुरू झाली, तेव्हा मंडळी पाण्याच्या शोधाला लागली. आपल्याकडे पाणीयोजनेचं उद्‌घाटन पाणी येण्याआधी होतं, त्यातलाच प्रकार. फरक इतकाच की त्यांचं पाणी नंतर खरोखर आलं, २०१९ साली.

आलं तेही थेट ऑस्ट्रियातल्या आल्प्समधून. ‘डेथ टु प्लास्टिक’ ही कंपनीची दुसरी आरोळी. अ‍ॅल्युमिनियमचा डबा वितळवून पुन्हा पुन्हा वापरता येतो, हे खरंच आहे. पण सुरुवातीची काही वर्षं हे पृथ्वी वाचवणारं पाणी युरोपात डब्यात भरून अटलांटिकपार नेलं जायचं. जो देश धो धो स्वच्छ पाण्यात अंघोळ करतो, त्याला प्यायला दुसऱ्या खंडातलं पाणी! पर्यावरणाची सेवा करायची तर एवढी पायपीट करावी लागतेच.

पुढची कहाणी पाण्याची नाहीच. २०२१ मध्ये टोनी हॉक या नामवंत स्केटबोर्डपटूचं खरंखुरं रक्त रंगात मिसळून शंभर स्केटबोर्ड रंगवले, किंमत प्रत्येकी पाचशे डॉलर, हातोहात खपले. समाजमाध्यमांवर लोकांनी घातलेल्या शिव्या जमवल्या आणि त्यांचा चक्क मेटल संगीताचा अल्बम काढला. टीकेला उत्तर देण्यापेक्षा तिला चाल लावणं केव्हाही स्वस्त. ग्राहकांकडून आत्मा कंपनीला विकल्याच्या करारावर सह्या घेतल्या. २०२२च्या ‘सुपर बोल’ या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यातल्या जाहिरातीत शाळकरी पोरं आणि एक गरोदर बाई डबे रिचवत धुडगूस घालतात, आणि शेवटी खुलासा होतो की घाबरू नका, पाणीच आहे. २०२४ मध्ये बक्षीस म्हणून खरंखुरं लष्करी जेट विमान लावलं; विमान ठेवायला घरी जागा नसेल तर रोख अडीच लाख डॉलर. त्याच वर्षी गुंतवणूकदारांनी या कंपनीची किंमत ठरवली १४० कोटी डॉलर. एवढ्या पैशांत पाण्याचा भाग किती, हे विचारणारा माणूस गुंतवणूकदार होऊ शकत नाही.

हसायला ठीक आहे, पण गिऱ्हाईक खुळं नाही. पार्टीत रिकाम्या हाताने उभं राहून बघा. ‘का रे, घेत नाहीस? डॉक्टरांनी बंद केलीय? घरून परवानगी नाही?’ दर पाच मिनिटांनी कुणीतरी तुमच्या यकृताची चौकशी करून जातं. हातात कवटीचा डबा असला की चौकशी बंद. दोनेक डॉलरमध्ये पाणी मिळतं आणि वर शांतता फुकट. तिकडे न पिणाऱ्याला पिणाऱ्याचं सोंग हवं होतं, ते कुणीतरी डब्यात भरून दिलं.

आपण या विद्येत मागे आहोत असं मात्र कुणी समजू नये. उलट आपण दुसऱ्या टोकाने सुरुवात करून कधीच पुढे गेलोय. तिकडे पाणी बिअरचे कपडे घालून येतं. आपल्याकडे व्हिस्की सोड्याचे कपडे घालून येते. टीव्हीवर दारूची जाहिरात करायला बंदी आहे, म्हणून मद्याच्या कंपन्यांनी त्याच नावाचे सोडे, पाण्याच्या बाटल्या आणि गाण्यांच्या सीडी काढल्या. एक रुबाबदार नट घोड्यावरून उतरतो, मित्रांना मिठ्या मारतो, यशाबद्दल गंभीर आवाजात चार वाक्यं बोलतो, आणि हे सगळं म्हणे सोड्यासाठी! सोडा पिऊन इतका भावुक झालेला माणूस प्रत्यक्षात कुणी पाहिलाय? असल्या आडवळणाच्या जाहिरातींवर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही बंदी घातली. सोडा डगमगला नाही.

किंगफिशर या बिअरच्या नावाने तर पाणीही निघालं, कॅलेंडरही निघालं आणि २००५ पासून विमानंही उडाली. २०१२ मध्ये विमानं जमिनीवर बसली, २०१६ मध्ये मालक देशाबाहेर उडाले. तेव्हा एक जेट बक्षीस लावून अमेरिकेने फुशारकी मारू नये.

आणि महाराष्ट्राची तर बातच न्यारी. आपल्या राज्यात आजही कायदा आहे तो १९४९चा दारूबंदीचा. प्यायची असेल तर परवाना काढायचा, आणि परवान्यानुसार ही दारू लागते कशासाठी, तर आरोग्य राखण्यासाठी. म्हणजे एकच द्रव्य सरकारी कागदावर औषध, टीव्हीवर सोडा आणि महसुलाच्या रकान्यात लक्ष्मी. अमेरिकन कवटी यापुढे फारच सरळमार्गी वाटते. डब्यावर पाणी लिहिलंय आणि आत पाणीच आहे. असल्या बाळबोध धंद्याला इथे कोण विचारणार?

तरीही कुणी हा डबा इकडे आणणार असेल, तर एक फुकटचा सल्ला: लग्नसराई टाळा. कार्यालयामागे गाडीची डिकी उघडी आहे. नवरदेवाचा मामा काळ्या कोल्ड्रिंकची बाटली तोंडाला लावून बेंजोच्या तालावर नागीण झालाय. मामांना कुणी काही विचारणार नाही, कारण मामा कोल्ड्रिंक घेतायत. त्याच वरातीत एखादा निर्व्यसनी मावसभाऊ मँगो चेनसॉचा डबा घेऊन उभा राहू दे. मुलीकडची मंडळी त्याचं नाव स्थळांच्या यादीतून तिथल्या तिथे खोडतील. पोरगा शपथेवर सांगेल की पाणी आहे. मग एखादे काका पुढे होऊन त्याच्या तोंडाचा वास घेतील, आणि आंब्याचा वास आला की सगळ्यांकडे वळून म्हणतील, ‘बघा, लपवायला वरून काहीतरी खाल्लंय!’