अंगण वाकडं करायची सोय

नाचता येईना अंगण वाकडं, ही सवलत शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत मिळत नाही. एका वर्गातल्या साऱ्या होड्या एकाच मापाच्या, शिडंही तेवढीच, वाराही सगळ्यांना तोच. हरणाऱ्याने बोट दाखवायचं कुठे? शर्यतीची होडी घरी बांधायची ती एवढ्यासाठीच, असं माझं ठाम मत आहे. काटकसर, छंद, हातांना व्यायाम ही कारणं घरच्यांना सांगायला ठीक. ब्रिटनमध्ये ही सोय 1960 च्या दशकात घरोघर पोहोचायला लागली. होड्यांचे आराखडे करणारा जॅक होल्ट आणि टीव्हीवरून घरदुरुस्ती शिकवणारा बॅरी बकनेल यांनी मिळून ‘मिरर’ होडी आखली. (जुन्या नक्षीदार दारांवर हार्डबोर्ड ठोकायला लोकांना शिकवलं ते याच बकनेलने, म्हणजे अनुभव दांडगा.) ‘डेली मिरर’ वृत्तपत्राने ती उचलून धरली. शिडं लाल. लांबी 3.3 मीटर, सुट्या भागांची किंमत तेव्हा 63 पौंड 11 शिलिंग. प्लायवुडच्या फळ्यांच्या कडांना भोकं पाडायची, गोधडीला घालावेत तसे तांब्याच्या तारेचे टाके घालायचे, मग सांध्यावर फायबरग्लासची पट्टी आणि रेझिन. सुतारकाम येण्याची अट नाही. अशा सत्तर हजारांवर होड्या झाल्या.

यावर कुणी म्हणेल, सुटे भाग कारखान्यातले आणि शर्यतीआधी टेप घेऊन मोजणारा हजर. मग वाकडेपणाला जागा कुठे उरते? उरते, वजनात. नियम सांगतो ते किमान वजन. जास्तीला कोण अडवतंय? हार्डनर मिसळलेलं रेझिन डब्यात घट्ट व्हायच्या आत संपवायच्या घाईत हात सैल सुटतो, सांध्यांवर थरावर थर चढतात, आणि होडी जड होते. हे निमित्त खोटं नाही. जड होडी खरंच मागे पडते. दोष आराखड्याला मात्र देता येणार नाही. पीटर मिल्न या आराखडेकाराची ‘फायरबॉल’ होडीही घरी बांधता येईल अशीच आखलेली, आणि 1982 च्या आशियाई स्पर्धेत मुंबईच्या समुद्रात भारताच्या तारापोर-करंजिया जोडीने त्याच वर्गात सुवर्णपदक मिळवलं. दुसरा आक्षेप जास्त खोचक: होडी तुम्हीच बांधलीत, मग दोष तुमचाच ना? मुळीच नाही. बांधणारा आणि चालवणारा ही दोन वेगळी खाती आहेत. सुकाणूवाल्याने सुताराच्या नावाने खडे फोडावेत, सुताराने सुकाणूवाल्याच्या. खातेनिहाय चौकशी लागलीच, तर चौकशी अधिकारीही घरचाच.