'सावधान' ऐकू आलं नाही

॥ श्रीराम समर्थ ॥

रेडिंग, इंग्लंड
रामनवमीच्या आठ दिवस आधी

ती. आण्णा आणि सौ. आईस,
शि. सा. न.

फोनवर कुत्र्याचा विषय निघाला की आई डोळ्याला पदर लावते आणि आण्णा, तुम्ही हसता. हकिगत अर्ध्यावरच राहते. म्हणून पत्र. दादाला मोठ्यानं वाचायला सांगा आणि त्याच्या पोराला समोर बसवा. शेवटचा मजकूर त्याच्यासाठी आहे.

तर आम्ही कुत्रं विकत घेतलं. आपल्या घरी हे वाक्य कुणी कधी उच्चारलं नसेल. आपला मोत्या कडब्याच्या गंजीमागं जन्मला, चार दिवस दारात बसला आणि घरचा झाला. इथं कुत्र्याला जाहिरात असते, कुळी असते. पोरीला कॉकापू हवा होता. आई कॉकर स्पॅनियल, बाप पूडल; आंतरजातीय लग्नाचं लेकरू म्हणा. किंमत नऊशे पौंड. तुम्ही मनातल्या मनात गुणाकार करून म्हणालात, "लाखाचं कुत्रं? एवढ्यात दावणीला बैल आला असता."

बैल घ्यायला गेलो असतो तर फसलो नसतो. तुम्ही बाजारात आधी जबडा उघडून दात बघता, चार पावलं चालवता, दलालाशी उपरण्याखाली बोटं धरता, आणि एवढं करूनही म्हणता, "औताला जुंपून बघू, मग पैसे." हे सगळं बघत मी वाढलो. मी मात्र तीन फोटो बघितले आणि बयाणा पाठवला.

विकणारी बाई साखरेसारखी गोड. घर असं लख्ख, की कुत्र्याचा वाससुद्धा नाही. पिल्लू टोपलीत. मी विचारलं, "याची आई?" "आत्ताच फिरायला नेलीय." मी मान डोलावली. तुमच्या सूनबाईनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात 'सावधान' एवढा एकच शब्द होता. आपल्या गावचा नारायण ठोसर तोच शब्द ऐकून बोहल्यावरून पळाला आणि समर्थ झाला, असं सांगतात. त्याच गावचा मी, ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि उरलेले पैसे भरले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिल्लानं मान टाकली. उलट्या, रक्ताची हगवण. आईनं व्हिडिओवर ताकाचं पाणी सुचवलं. मग मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढायला लावली, तर धुराचा भोंगा वाजून शेजारचे म्हातारबाबा अंगणात आले. शेवटी दवाखाना गाठला. शी तपासून डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं: पार्वो. हा विषाणू आतड्याचं अस्तर खातो. त्यावर नेमकं मारक औषध नाही. सलाईन लावायचं, उलट्या थांबवायच्या आणि पिल्लाच्या जिद्दीवर सोडायचं. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला तीन-चार दिवस तरी लागतात. म्हणजे पैसे मोजताना दुखणंही आम्हीच टोपलीत घालून आणलं होतं.

पाच रात्री, बिल सोळाशे पौंड. विम्याच्या कागदात लिहिलेलं की पहिल्या चौदा दिवसांतला आजार चालत नाही. बाईला फोन केला तर ती म्हणाली, "परत आणा, दुसरं देते." जणू मिक्सरचं भांडं गळतंय.

गंमत म्हणजे कायदाही बाईच्याच भाषेत बोलतो. इथल्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याच्या लेखी पिल्लू म्हणजे माल. माल खराब निघाला तर तीस दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर दुरुस्ती किंवा बदली. सहा महिन्यांच्या आत दोष दिसला तर तो आधीपासूनच होता असं धरतात. नव्हता, हे विकणाऱ्यानं सिद्ध करायचं. पोरीला हे समजावलं तर तिनं विचारलं, "मला ताप आला होता तेव्हा तुम्ही मला बदललं का?" माल परत करण्याचा विषय तिथंच मिटला.

आई, तू म्हणालीस, "जाऊ दे, जीव वाचला ना." पण 2022 च्या ऑगस्टमध्ये आपल्या राममंदिरातल्या मूर्ती चोरीला गेल्या, तेव्हा गाव 'जाऊ दे' म्हणालं नाही. म्हणून तर त्या त्याच वर्षी सापडल्या. मग मीही बसलो कागद घेऊन.

बाईचं म्हणणं, "मी व्यापारी नाही, घरची पिल्लं विकते." घरगुती विकणाऱ्याला यातली बरीच कलमं लागू होत नाहीत, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. पण सूनबाईनं रात्री बसून तिचा फोन नंबर जाहिरातींत शोधला. एकाच नंबरवर तीन गावं, चार जातींची पिल्लं! ते लख्ख घरही दोन दिवसांच्या भाड्याचं निघालं. आम्ही जाहिरातींचे फोटो, डॉक्टरांचं पत्र आणि बिल जोडून दाव्याआधीची नोटीस तिच्या ईमेलवर पाठवली. चौदा दिवसांत पैसे द्या, नाहीतर कोर्ट. इथं दहा हजार पौंडांपर्यंतचा दावा वकिलाशिवाय चालवता येतो. रामाला चौदा वर्षं, बाईला चौदा दिवस. तेराव्या दिवशी सातशे पौंड खात्यात आले आणि फोन कायमचा बंद झाला. उरलेल्यासाठी दावा लावायचा तर समन्स न्यायला पत्ता हवा. तो कुठून आणायचा?

आता दादाच्या पोरासाठी. संभाजीनगरच्या जाहिरातीतलं लॅब्रेडॉर तू बघून ठेवलंयस म्हणे. 2017 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पिल्लं विकणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा कागद माग, लसीची तारीख बघ, पावती घे. फसलासच तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. पण त्याआधी आजोबांना सोबत ने. ते दात बघतील.

आणि पिल्लाची आई बघितल्याशिवाय हलू नकोस. इथं लूसी नावाची एक स्पॅनियल होती. पिल्लांच्या कारखान्यात वर्षानुवर्षं नुसती व्यायला ठेवलेली. 2013 मध्ये तिला सोडवलं, आणि तिच्या नावाचा कायदा 2020 च्या एप्रिलपासून इंग्लंडमध्ये लागू झाला: मधल्या दलालानं पिल्लू विकायचं नाही, आणि गिऱ्हाइकाला ते त्याच्या आईजवळच दाखवायचं. आपल्याकडं हा कायदा तीन शब्दांत आहे. खाण तशी माती. मला तो पाठ होता, तरी मी खाण न बघता माती घेतली.

पिल्लू आता ठणठणीत आहे. नाव मोत्याच ठेवलंय. आईनं पाठवलेली गोधडी त्यानं तीन बाजूंनी कुरतडली, चौथी बाजू तुम्ही याल तेव्हासाठी राखून ठेवलीय.

तुमचा,
धाकटा

ता. क. पोरगी रोज रात्री विचारते, "मोत्याची आई अजून त्या बाईकडंच असेल का?" त्या आईसाठी कौन्सिलकडं वेगळी तक्रार केली आहे. उत्तर आलेलं नाही. रामनवमीला देवळात जाल तेव्हा आमच्या मोत्यासाठी काही मागू नका, त्याचं भागलं. तिच्यासाठी मागा.