पासवर्ड कोणाकडे आहे, डॉक्टर?

जालन्यात भोकरदन नाक्याकडून अंबड चौफुलीकडे निघालात की दवाखान्यांच्या पाट्या मोजता मोजता थकाल. दातांचे, बायकांचे, लहान मुलांचे, हाडांचे. पाटीखाली दुसरी पाटी असतेच : ‘आपण सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या नजरेत आहात.’ ठीक आहे. पण त्या कॅमेऱ्यावर कोणाची नजर आहे?

डॉक्टरांना हा प्रश्न विचारा. बहुतेकांचं उत्तर एकच : ‘तो बसवणारा पोरगा बघतो.’ पासवर्ड? त्याच्याकडेच. अ‍ॅप? डॉक्टरांच्या मोबाइलमध्ये, मॅडमच्या मोबाइलमध्ये, आणि गेल्या वर्षी काम सोडून गेलेल्या कंपाउंडरच्याही मोबाइलमध्ये.

यातून काय होतं ते फेब्रुवारी २०२५ मध्ये देशानं पाहिलं. राजकोटच्या एका प्रसूतिगृहात तपासणीला आलेल्या बायकांच्या चित्रफिती यूट्यूबवर झळकल्या आणि टेलिग्रामवर पैसे घेऊन विकल्या गेल्या. कॅमेरा दवाखान्याचाच होता. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी माग काढला आणि पकडलेल्यांपैकी एक निघाला लातूरचा, एक सांगलीचा. लातूर म्हणजे आपला मराठवाडा. पुढच्या तपासात देशभरातल्या ऐंशीच्या आसपास सीसीटीव्ही यंत्रणांमध्ये शिरकाव झाल्याचं आणि पन्नास हजारांच्या घरात चित्रफिती चोरल्याचं समोर आलं. त्यात पुणे, मुंबई, नाशिकही आहे. आणि त्या प्रसूतिगृहाच्या यंत्रणेचा पासवर्ड? ‘अ‍ॅडमिन १२३’. कारखान्यातून आला तसाच. कुलूप लावलं आणि किल्ली त्यालाच लटकवून ठेवली.

त्या बायकांनी काय चूक केली होती? दवाखान्यावर विश्वास ठेवला होता, एवढंच.

म्हणून पहिली गोष्ट : तपासणीच्या खोलीत, इंजेक्शनच्या खोलीत, प्रसूतिकक्षात, कपडे बदलण्याच्या जागी कॅमेरा नकोच. कितीही भारी पासवर्ड असला तरी नको. दार, स्वागतकक्ष, जिना, औषधांचा साठा, पैशांचा गल्ला इथे हवा. दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर रोख धरलेला कॅमेरा ठेवायचाच असेल, तर पेशंटला आधी सांगा आणि त्याचा होकार घ्या. त्याहून महत्त्वाचा मायक्रोफोन. हल्लीच्या कित्येक कॅमेऱ्यांत तो असतो आणि डॉक्टरांना त्याचा पत्ता नसतो. पेशंट डॉक्टरपाशी दारूचं बोलतो, गर्भपाताचं बोलतो, नवऱ्याला न सांगितलेलं बोलतो. तो आवाज डिस्कवर साठायचं काहीही कारण नाही. आजच बंद करा.

कॅमेरे नकोतच, असं माझं म्हणणं मुळीच नाही. डॉक्टरांवर हात उचलणारे आपल्याकडे कमी नाहीत. त्यासाठीच महाराष्ट्रानं २०१० मध्ये कायदा केला : दवाखान्यात मारहाण किंवा तोडफोड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, शिवाय नुकसानीच्या दुप्पट भरपाई. पण आरोप सिद्ध करायला पुरावा लागतो, आणि नेमका त्याच दिवशीचा पुरावा मिळत नाही.

का मिळत नाही, ते दातांच्या एका दवाखान्यात जवळून पाहायला मिळालं. चित्रण साठवणारा डीव्हीआर माळ्यावर, शेजारी कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसर सुरू झाला की फळी थरथरायची आणि वर ठेवलेली हार्ड डिस्कही. डीव्हीआरच्या जाळीवर धुळीचा जाड थर, एप्रिलचं ऊन पत्र्यावर. पडद्यावर तारीख होती १ जानेवारी २०००. आतला छोटा सेल संपला होता, त्यामुळे दर वेळी लाइट गेली की घड्याळ मागे जायचं. चित्र मात्र छान दिसत होतं, म्हणून कोणाला शंका आली नाही. मागच्या आठवड्यातलं काही काढून बघू म्हटलं, तर काहीच नाही. डिस्क कधीच मेली होती.

थेट चित्र दिसतं म्हणजे ते साठतंच, असं नाही. बाहेरच्या कॅमेऱ्याला रात्री जो लाल प्रकाश लागतो, त्यावर किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि रात्रभर पडद्यावर पांढरं जाळं दिसत राहतं. चोर त्यामागून येऊन जातो. औद्योगिक वसाहतीच्या बाजूला तर धूळही जास्त. आणि चित्रण हाती लागलं तरी ते कोर्टात टिकायला हवं. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे असं चित्रण कोर्टात द्यायचं तर सोबत प्रमाणपत्र लागतं. त्यात घड्याळच चाळीस मिनिटं पुढे असेल, तर समोरचा वकील पहिला प्रश्न तिथेच विचारणार.

अवजारं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमधल्या पट्टीनं रंग बदलला का, ते डॉक्टर रोज बघतात. एक्स-रे मशीनची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, वेळेवर भरतात. मग कॅमेऱ्यालाच वाली का नाही? सोमवारी सकाळी दहा मिनिटं पुरतात. प्रत्येक चित्र बघा, वेळ मोबाइलशी ताडा, आठ दिवसांपूर्वीचं एक चित्रण लावून पाहा. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी पासवर्ड बदला, आणि बसवणाऱ्या पोराचं खातंही काढून टाका. घरबसल्या मोबाइलवर बघायची गरज नसेल, तर यंत्रणा इंटरनेटला जोडूच नका. एएमसीच्या कागदावर ही कामं एकेक करून लिहून घ्या. ‘सर्व्हिस’ एवढ्या एका शब्दावर सही करू नका. केंद्राच्या नियमाप्रमाणे ९ एप्रिल २०२५ पासून विक्रीला येणाऱ्या कॅमेऱ्यांना सुरक्षेची तपासणी पास व्हावी लागते. पण तुमच्या भिंतीवर जो आधीपासून आहे, त्याची काळजी तुम्हालाच घ्यायची आहे.

आणि पेशंट मंडळी, विशेषतः आयाबहिणींनो : तपासणीच्या टेबलावर झोपण्याआधी छताकडे बघा. काळा घुमट दिसला तर विचारा, हा चालू आहे का, कोण बघतं. लाजू नका. उत्तर पटलं नाही तर तपासणी न करता उठून या. बाईचं खासगी क्षणी असं चित्रण करणं किंवा ते पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी किमान एक वर्षाची शिक्षा आहे. असं काही घडल्याचं कळलं तर गप्प बसू नका, जवळचं पोलीस ठाणं गाठा.